फर्स्ट कॉपी आणि आतलं मशीन

"फर्स्ट कॉपी घेतोय रे. क्वार्ट्झ घेऊ की ऑटोमॅटिक?"

गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला निदान सहा-सात जणांनी विचारला असेल. मला घड्याळांचा नाद आहे हे हापिसात सगळ्यांना माहीत आहे (जुनी, चावीची, स्वस्तातली घड्याळं. उगाच गैरसमज नको), त्यामुळे मी म्हणजे फुकटातला सल्लागार. विचारणारे सगळे इंजिनियर. मोबाईल घेताना प्रोसेसरचा मॉडेल नंबर, रॅमचा वेग, कॅमेऱ्याच्या सेन्सरचं माप, सगळं पाठ करून येणारे. तेव्हा घड्याळ घेतानाही 'आत काय आहे' हे विचारावंसं वाटणं साहजिकच आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना पटणार नाही त्यांचा वीकांत वाया जायला नको. ज्याला आतल्या मशीनची खरंच पर्वा आहे त्याने नकली घड्याळ घेण्यात काही अर्थ नाही. आणि ज्याला नकलीच घ्यायचंय त्याला मशीनशी काही देणंघेणं नसतं, त्याला फक्त पकडलं जायचं नसतं. 'क्वार्ट्झ की ऑटोमॅटिक' ही सगळी चर्चा म्हणजे एका खोट्या गोष्टीला तांत्रिक इस्त्री मारण्याचा प्रकार आहे.

आता सविस्तर.

घड्याळाच्या पोटातल्या यंत्रणेला आपल्याकडे सरळ 'मशीन' म्हणतात. ढोबळमानाने त्याच्या दोन जाती. पहिली क्वार्ट्झ. यात एक सेल असतो आणि क्वार्ट्झचा एक चिमुकला स्फटिक असतो. विजेवर तो सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा आपल्या धंद्यातल्या लोकांनी लगेच ओळखला असेल: दोनाचा पंधरावा घात. पंधरा वेळा निम्मा करत गेलं की उरतो सेकंदाला बरोबर एक ठोका. एकापुढे एक पंधरा फ्लिप-फ्लॉप लावले की काम झालं, कॉलेजात डिजिटलच्या प्रॅक्टिकलला केलं होतं तेच. असं घड्याळ महिन्याला साधारण १५-२० सेकंद पुढे-मागे होतं.

दुसरी जात मेकॅनिकल. सेल नाही, स्प्रिंग आहे. ती हाताने चावी देऊन गुंडाळायची, किंवा ऑटोमॅटिक असेल तर मनगट हललं की आतलं अर्धगोल वजन फिरतं आणि ते गुंडाळतं. ती स्प्रिंग उलगडताना बॅलन्सचं चाक डावी-उजवीकडे झोके घेतं. आजच्या बहुतेक मशिनांत तासाला २१,६०० किंवा २८,८०० ठोके, म्हणजे सेकंदाला सहा किंवा आठ. म्हणून त्याचा सेकंद काटा उड्या न मारता सरकल्यासारखा दिसतो.

वेळेच्या अचूकपणात यातलं कोण जिंकतं याबद्दल वादच नाही. स्वित्झर्लंडची सीओएससी ही संस्था मेकॅनिकल मशिनांना 'क्रोनोमीटर' म्हणून प्रमाणपत्र देते, त्याची अट आहे दिवसाला सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंद. म्हणजे प्रमाणपत्रवालं लाखमोलाचं घड्याळ महिन्याला तीन मिनिटं पुढे गेलं तरी ते पास! कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू हे १९८९ पासूनचं प्लॅस्टिकचं डिजिटल घड्याळ महिन्याला ३० सेकंदांच्या आत असल्याचा दावा करतं, एका सेलवर सात वर्षं. इंजिनियर म्हणून विचार कराल तर विषय इथेच संपतो.

पण नकली घड्याळांच्या बाजारात याच्या बरोब्बर उलटा सल्ला मिळतो. तिथे क्वार्ट्झ म्हणजे कनिष्ठ, ऑटोमॅटिक म्हणजे वरिष्ठ. का? तर "क्वार्ट्झ टिकटिक करतं सर, कोणी पण ओळखेल. ऑटोमॅटिक घ्या, काटा स्मूथ जातो."

हे वाक्य जरा पुन्हा वाचा. मशीन कशासाठी निवडायचं, तर वेळ बरोबर दाखवावी म्हणून नाही, कोणी ओळखू नये म्हणून! घड्याळाचं जे काम आहे त्यात जे बारा-बारा पटींनी वाईट, तेच जास्त पैसे देऊन घ्यायचं, कारण ते खोटं जास्त चांगलं बोलतं. आपल्याकडे एखाद्याने म्हटलं की हा अल्गोरिदम हळू आहे, उत्तरही चुकीचं देतो, पण क्लायंटला डेमोत भारी दिसतो, तर आपण त्याला काय म्हणू? (बरं, आपण त्याला प्रमोशन देऊ. तो विषय वेगळा.)

आणि गंमत म्हणजे ही काट्याची परीक्षासुद्धा कच्ची आहे. रोलेक्सने स्वतः १९७७ मध्ये ऑयस्टरक्वार्ट्झ काढलं आणि दोन दशकांहून जास्त काळ विकलं. अस्सल रोलेक्स, आणि काटा सेकंदाला एक उडी मारणारा. उलट बुलोव्हाचं २०१० मध्ये आलेलं प्रिसिजनिस्ट हे क्वार्ट्झ असून त्याचा काटा सेकंदाला सोळा पावलं टाकतो, म्हणजे कुठल्याही नेहमीच्या ऑटोमॅटिकपेक्षा मुलायम. सेकोच्या स्प्रिंग ड्राइव्हचा काटा तर अखंड घरंगळतो. तेव्हा 'टिकटिक म्हणजे नकली, सरकतं ते असली' हे तत्त्वज्ञान लग्नाच्या पंगतीत चालेल, इतरत्र नाही.

आता बाजारातल्या पायऱ्या बघू. 'फर्स्ट कॉपी', 'सेव्हन ए', 'मास्टर कॉपी', 'सुपर क्लोन'. (जिकडे तिकडे फर्स्ट कॉपीच. सेकंड कॉपी विकणारा माणूस मला आजवर भेटलेला नाही.) मुंबईला हा धंदा नवा नाही. अमेरिकेच्या व्यापार प्रतिनिधी कार्यालयाने २०२२ साली जगभरच्या कुप्रसिद्ध बाजारांची जी यादी काढली, तीत हाजीअलीच्या हीरा पन्नाचं नाव होतं. पायरी जसजशी वर जाते तसतसं मशीनचं नाव भारदस्त होत जातं: आधी नुसतं 'ऑटोमॅटिक', मग 'जपानी मशीन', मग 'स्विस ईटीए'.

ईटीए ही स्वॉच ग्रुपची मशीन बनवणारी कंपनी. तिचं २८२४-२ हे मशीन म्हणजे या धंद्यातलं लिनक्स समजा: साधं, दणकट, कित्येक ब्रँडांच्या पोटात तेच. सेकंदाला आठ ठोके. पुण्यात पेठेत एका घड्याळजी काकांकडे मी शनिवारी जाऊन बसतो. तिथे एका सहकाऱ्याचं 'स्विस ईटीए'वालं घड्याळ उघडलेलं मी पाहिलं. मागचं झाकण काढलं तर फिरत्या वजनावर झोकात ईटीए कोरलेलं. काकांनी डोळ्याला भिंग लावलं, घड्याळ ठोके मोजणाऱ्या यंत्रावर ठेवलं. सहा ठोके. आठ नाही, सहा. वजनाचा स्क्रू काढल्यावर खाली साधं चिनी मशीन. वरचं कोरलेलं नाव म्हणजे एखाद्या प्रोग्रॅमने 'अबाउट'च्या खिडकीत स्वतःच टाइप केलेला व्हर्जन नंबर. त्याला पुरावा म्हणतात का?

काका म्हणाले, "हे बघ, मशीन चिनी आहे म्हणून माझी तक्रार नाही. चालतं ते. पण मी याच्यात हात घालणार नाही. पार्ट कुठला मागवू? नाव एकाचं, मशीन दुसऱ्याचं, आणि आत तेल घातलंय की नाही ते देवाला ठाऊक. बंद पडलं की अख्खं मशीनच बदलायचं."

हा मुद्दा महत्त्वाचा आहे, कारण मेकॅनिकल घड्याळ हे वापरून टाकून द्यायचं यंत्र नाही. चार-पाच वर्षांनी ते उघडून, धुऊन, तेल घालून पुन्हा जोडावं लागतं. ते विकत घेणं म्हणजे पुढच्या घड्याळजीशी केलेला करार आहे, आणि आत काय आहे हे त्या घड्याळजीला कळायला हवं. नकली घड्याळात या कराराचं पहिलंच वाक्य खोटं असतं. डायलवर 'हजार फूट, तीनशे मीटर' असं छापलेलं असतं. ते पाण्याच्या टाकीत दाबाखाली कोणी तपासलंय? क्रोनोग्राफची तर आणखी दयनीय अवस्था. स्वस्त नकलेत डायलवरची तीन छोटी वर्तुळं स्टॉपवॉचची नसतातच, वार-तारीख किंवा चोवीस तासांची असतात आणि बाजूची बटणं नावाला. महागड्या नकलेत व्हॅल्जू ७७५० या मशीनची चिनी आवृत्ती घालतात, पण छोटी वर्तुळं मूळ घड्याळाच्या जागेवर दिसावीत म्हणून मध्ये जास्तीची दातेरी चाकं बसवतात, आणि मग तीच चाकं अडकतात. दिसण्यासाठी एक चांगलं मशीन मुद्दाम बिघडवायचं! याला मी तरी इंजिनियरिंग म्हणू शकत नाही.

आता तुम्ही म्हणाल, या सगळ्या मधल्या पायरीच्या गोष्टी झाल्या. वरच्या पायरीवर मशीन खरंच चांगलं असतं. मान्य. एकदम मान्य. रोलेक्सचं ३१३५ हे मशीन १९८८ मध्ये आलं, त्याची चाकाला चाक जोडून नक्कल चीनमध्ये होते, आणि ती करणारे कारागीर ऐरेगैरे नाहीत. माझा राग नेमका इथेच आहे.

कारण यंत्राची नक्कल करण्यात काहीही लाज नाही. पेटंटची मुदत वीस वर्षं, त्यानंतर ते ज्ञान सगळ्यांचं. सेलिटा ही स्विस कंपनी ईटीए २८२४ चीच रचना घेऊन एसडब्ल्यू २०० बनवते, एक ज्वेल जास्त घालते आणि उजळ माथ्याने आपल्या नावावर विकते. चीनच्या सी-गलचं एसटी२१३० हेही त्याच घराण्यातलं. १९६० च्या दशकात चीनने स्वित्झर्लंडच्या व्हीनस कंपनीकडून १७५ या क्रोनोग्राफची यंत्रसामग्री रीतसर विकत घेतली, आजचं एसटी१९ त्याचं वंशज आहे. आणि आपली एचएमटी? १९६१ मध्ये बंगलोरला जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने कारखाना उभा राहिला, तंत्र त्यांचं घेतलं, पण डायलवर नाव आपलं लिहिलं: जनता, पायलट, सोना. तंत्र दुसऱ्याकडून शिकून घेऊन त्यावर आपली सही करणं याच वाटेने सगळे देश पुढे गेले. आपलं अख्खं आयटी त्यावरच उभं आहे.

मग तोच चिनी कारागीर, तेच कौशल्य, आणि शेवटी डायलवर दुसऱ्याचं नाव. तुम्ही जे जास्तीचे पैसे मोजता ते त्याच्या हाताच्या कौशल्याचे नसतात, त्याने स्वतःचं नाव पुसण्याचे असतात. मशीन हा नकली घड्याळातला एकमेव प्रामाणिक भाग असू शकतो, आणि त्यालाच तुम्ही बुरख्यात बसवता.

आता नेहमीचे आक्षेप.

"रोलेक्सवाले तरी काय, नुसतं नावाचे पैसे घेतात. लूट आहे." असेलही. मी तर म्हणतो आहेच. मग ज्याला तुम्ही लुटारू म्हणता त्याचंच नाव मनगटावर कशाला मिरवता? नाव फालतू असेल तर बिननावाचं घ्या की. नाव हवंच आहे, फक्त किंमत नकोय, हे सरळ कबूल करा. मग निदान आपण एकाच भाषेत बोलू.

"आपण सगळ्यांनी पायरेटेड विंडोज वापरलंय, तेव्हा कुठे गेलं होतं तत्त्वज्ञान?" हा आक्षेप मला आवडतो, कारण यात फरक स्पष्ट दिसतो. चोरीची सीडी ही चोरीच, पण तिच्यातला प्रत्येक बिट मूळ सीडीसारखाच असतो. चोरलेली वस्तू निदान तीच असते. नकली घड्याळात तुम्हाला वस्तूही मिळत नाही, नुसतं वेष्टन मिळतं. शिवाय विंडोज खरं आहे का हे कोणी तुमच्या मनगटाकडे बघून ठरवत नव्हतं.

"यात कोणाचं नुकसान होतं?" कायद्याचं आधी सांगतो. १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याच्या कलम १०३ आणि १०४ प्रमाणे खोटा मार्क लावणाऱ्याला आणि तसा माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड होऊ शकतो. ही कलमं बनवणाऱ्या-विकणाऱ्यासाठी आहेत, स्वतःपुरतं घेणाऱ्याचं त्यात नाव नाही. म्हणून घेणारा निर्धास्त. पण बिल नाही, गॅरंटी नाही, बंद पडलं तर भांडायला समोर कोणी नाही.

दुसरं नुकसान जास्त खोल आहे. जगभरच्या जुन्या घड्याळांच्या शौकिनांत 'मुंबई स्पेशल' नावाचा शब्द रूढ आहे. अभिमान वाटायचं कारण नाही. जुन्या एचएमटी, फाव्र-ल्यूबा, सेको यांच्या केसमध्ये मिळेल ते मशीन कोंबायचं, वर भडक रंगाचा नवा डायल छापायचा आणि 'जुनं अस्सल' म्हणून परदेशात पाठवायचं, त्याचं हे नाव. परिणाम काय? आज कोणी खरोखर आजोबांचं न बदललेलं एचएमटी पायलट विकायला काढलं, तरी ते भारतातून येतंय म्हटल्यावर समोरचा आधी संशय घेतो. खोट्याची किंमत खऱ्या माणसाला भरावी लागते, ती अशी.

आणि तिसरं नुकसान. आमच्या टीममधल्या एका मुलाने हाच प्रश्न विचारला तेव्हा मी सहज विचारलं, कोणासाठी घेतोयस? तर म्हणे वडिलांसाठी. वडील एसटीत वाहतूक नियंत्रक, रिटायर होणार. आयुष्यभर त्यांनी घड्याळ बघून गाड्या सोडल्या, म्हणून घड्याळच द्यायचं. "मोठं नाव असलं की त्यांना बरं वाटेल." मी म्हटलं, फर्स्ट कॉपी आहे हे त्यांना सांगणार? तो गप्प बसला.

विचार करा. तीस-पस्तीस वर्षं डेपोत मिनिटाचा हिशोब ठेवलेला माणूस. तो ते घड्याळ घालून लग्नाकार्याला जाणार, चार जणांना कौतुकाने सांगणार, 'पोरानं घेतलंय.' त्यातल्या एखाद्याला कळणार, तो तोंडावर काही बोलणार नाही, मागे हसणार. किंवा दोन वर्षांनी घड्याळ बंद पडणार, हे घड्याळजीकडे नेणार आणि काउंटरवर चार माणसांत त्यांना कळणार. खोटं मुलाने बोलायचं आणि ते वडिलांच्या मनगटावरून! इथे 'जपानी मशीन टाकू की स्विस' या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ? कुठलंही मशीन घातलं तरी ही गोष्ट दुरुस्त होत नाही.

वर म्हटलं होतं की उत्तर देईन, तर हे घ्या. नकलीच घ्यायचं ठरलंच असेल तर क्वार्ट्झ घ्या. स्वस्त असतं, वेळ बरोबर दाखवतं, बिघडलं तर कोणीही घड्याळजी आतलं मशीन बदलून देतो. त्यात पैसे कमीत कमी बुडतात. हे ऐकल्यावर जर तुमचं तोंड वाकडं झालं आणि 'पण मग लोक ओळखतील ना' असं मनात आलं, तर तुमचा प्रश्न मशीनचा नव्हताच.

आणि प्रश्न खरंच मशीनचा असेल, तर क्रम उलटा करा. आधी मशीन ठरवा, मग ते मशीन ज्या घड्याळात स्वतःच्या नावाने राहतं ते घड्याळ घ्या.

अचूक वेळ हवी? क्वार्ट्झ. टायटनने १९८७ मध्ये क्वार्ट्झ आणून देशाचं मनगट बदललं. त्यांचं २००२ चं एज हे साडेतीन मिलिमीटर जाडीचं घड्याळ आजही बघण्यासारखं आहे, आणि ते कोणाचीही कॉपी नाही.

स्प्रिंग, चाकं, झोके यांची मजा हवी? सेकोचं एनएच३५ मशीन असलेली कितीतरी घड्याळं मिळतात. सेकंदाला सहा ठोके, पूर्ण चावी दिली की ४१ तास चालतं. कंपनी स्वतः लिहून देते की दिवसाला उणे २० ते अधिक ४० सेकंद चूक होऊ शकते. मला हे लिहून देणंच फार आवडतं. मर्यादा छापलेली आहे, पार्ट मिळतात, कुठलाही घड्याळजी हात लावतो. नाहीतर सी-गलचा चावीचा क्रोनोग्राफ घ्या, मागे काच असते, आतली सगळी नाटकं दिसतात, आणि डायलवर चिनी माणसाने चिनी नाव लिहिलेलं असतं.

जुनं हवं? एचएमटीचा घड्याळांचा कारभार गुंडाळायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला, पण घराघरांत, कपाटांत, चहाच्या डब्यात ती घड्याळं अजून पडलेली आहेत. एखादं शोधा, मागचं झाकण उघडून मशीन घड्याळजीला दाखवा, तेल-पाणी करून घ्या. रोज सकाळी चावी द्या. दिवसाला अर्धा मिनिट इकडेतिकडे होईल, आपण कुठे रॉकेट सोडतोय?

आणि रोलेक्सच हवं असेल तर पैसे जमवा आणि रोलेक्स घ्या. तोही मार्ग आहे, त्यात वाईट काही नाही. तोवर मनगट मोकळं राहिलं तरी चालतं, वेळ बघायला खिशात मोबाईल आहे.

तर मंडळी, यापुढे मला क्वार्ट्झ की ऑटोमॅटिक हे जरूर विचारा, तास-दोन तास बोलेन, चहा माझ्याकडून. फक्त विचारण्याआधी डायलवर कोणाचं नाव असणार आहे तेवढं सांगा.